टीडीपी वेगळा, मीटर फिरवणारी वीज वेगळी

आमच्या इंदूरला कमी विजेचा पीसी जुळवायचा म्हटलं, की दुकानदारापासून मावसभावापर्यंत सगळे एकच सल्ला देतात: ‘३५ वॉटवाला प्रोसेसर टाका, बिल निम्मं.’ परवा रामबागेतल्या काकांनीही तेच ऐकून चौकशी केली. त्यांना फायली साठवायला दिवसरात्र चालणारं मशीन हवंय.

वॉटची युनिटं करणं कुणाला शिकवायला नको. १ वॉट वर्षभर अखंड, म्हणजे ८.७६ युनिटं.

घोळ आहे तो ‘३५ वॉट’ या आकड्याचा. तो त्या प्रोसेसरचा टीडीपी (थर्मल डिझाइन पॉवर), आणि टीडीपी हा मुळात उष्णतेचा आकडा. चिप मूळ वेगाने सतत राबली तर कूलरला किती उष्णता बाहेर काढावी लागेल, एवढंच तो सांगतो. ती कमाल मर्यादा नव्हे. इंटेलचा आय५-१२४०० हा ६५ वॉटचा आणि १२४००टी ३५ वॉटचा. पण टर्बोत, म्हणजे गरजेपुरता वेग वाढवला की, पहिला ११७ वॉटपर्यंत जातो, दुसरा ७४ पर्यंत. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरही (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) ६५ वॉटच्या चिपला ८८ वॉटपर्यंत मुभा असते.

आणि काकांचं मशीन बहुतेक वेळ रिकामंच बसणार. रिकामेपणी दोन्ही चिपांचे कोअर झोपलेले असतात, त्यामुळे त्यांच्या वापरात नाव घेण्याजोगा फरक उरत नाही. ३५ वॉटवाली ‘टी’ चिप अरुंद, कोंदट डब्यासाठी चांगली. इंदूरच्या मे महिन्यात तर नक्कीच. बिलासाठी म्हणून जास्त पैसे मोजून ती घेऊ नका.

रिकामेपणी वीज खातो तो मदरबोर्ड. व्होल्टेज उतरवणारे व्हीआरएम, चिपसेट (बोर्डावरची प्रोसेसरची मदतनीस चिप), जादा कंट्रोलर, आणि ते लुकलुकणारे दिवे, जे मला अजिबात खपत नाहीत. तोच प्रोसेसर साध्या बोर्डावरून गेमिंगच्या बोर्डावर नेला तर रिकामेपणीच १० वॉट सहज वाढू शकतात. २००८चा अ‍ॅटम २३० प्रोसेसर आठवा: टीडीपी ४ वॉट, पण त्याच्या बोर्डावरच्या ९४५जीसी चिपसेटचा २२.२! इंटेलच्या डी९४५जीसीएलएफ बोर्डावर पंखा चिपसेटला होता, प्रोसेसरला नुसता हीटसिंक.

पॉवर सप्लायचंही तसंच. ८० प्लस गोल्ड या कार्यक्षमतेच्या शिक्क्याची चाचणी २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते. ५५० वॉटच्या सप्लायवर २५ वॉटचा पीसी म्हणजे ५ टक्केही भार नाही. तिथल्या कार्यक्षमतेबद्दल तो गोल्डचा शिक्का काहीच सांगत नाही.

म्हणून काकांना मी इंटेलच्या एन१०० या छोट्या प्रोसेसरचा साधा बोर्ड सुचवला, १२ किंवा १९ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा. त्याच्या ६ वॉटच्या टीडीपीवरही मी विसंबणार नाही. प्लगमध्ये वॉटमीटर लावून, बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) सी-स्टेट्स, म्हणजे कोअरना झोपू देणाऱ्या अवस्था, चालू आहेत ना हे बघून, जो आकडा भिंतीपाशी दिसेल त्यावरच त्यांच्या बिलाचा आणि इन्व्हर्टरचा हिशोब करायचा.