इंग्लंडमध्ये नवीन आहात? ताप येण्याआधी जीपीकडे नाव नोंदवा

कान दुखला की थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं, ही सवय आपण भारतातून सोबत आणतो. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, तसं चालत नाही. इथं पहिलं दार जीपीचं. जीपी म्हणजे आपला फॅमिली डॉक्टरच, पण त्याच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञाची वेळ सहसा मिळत नाही आणि त्याच्याकडे आधी नाव नोंदवलेलं असावं लागतं. बहुतेक जण 'बघू नंतर' म्हणतात आणि एके दिवशी अंगात ताप घेऊन सर्जरीच्या काउंटरवर उभे राहतात. (सर्जरी म्हणजे जीपीचा दवाखाना. "उद्या सर्जरीला या" असं फोनवर ऐकून पहिल्या महिन्यात माझ्या पोटात गोळा आला होता.)

खालची माहिती इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये काही नियम वेगळे आहेत.

हक्क कोणाला?

सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसाचा अर्ज करताना तुम्ही इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरलेला असतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड, तर विद्यार्थी, त्यांच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय आणि १८ वर्षांखालच्या मुलांना ७७६ पौंड आहे. व्हिसा जितक्या वर्षांचा, तितक्या वर्षांचे पैसे आधीच घेतले जातात. एकदा ते भरले की इथल्या रहिवाशांसारखेच उपचार मिळतात, वेगळं कार्ड किंवा विमा लागत नाही. अपवाद म्हणजे वंध्यत्वावरचे आयव्हीएफसारखे उपचार. शिवाय औषधं, दात आणि चष्मा यांचे पैसे इथल्या लोकांप्रमाणे आपणही भरायचे. हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर आलेल्यांना हा सरचार्ज माफ आहे, पण हक्क तेच.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. जीपीकडची तपासणी आणि ए अँड ई, म्हणजे अपघात व तातडीच्या विभागातले उपचार, यांचे पैसे कोणाकडूनच घेतले जात नाहीत, मग व्हिसा कोणताही असो. क्षयरोगासारख्या संसर्गजन्य आजारांवरचे उपचारही सगळ्यांना मोफत आहेत.

कागदपत्रं: नियम एक, काउंटर दुसरं

माझी नोंदणी पहिल्या फेरीत झालीच नाही. काचेपलीकडच्या बाईंनी पासपोर्ट मागितला, तो दिला. मग विजेचं बिल मागितलं. मी एका घरात एका खोलीत राहत होतो, बिल घरमालकाच्या नावावर. "मग बिल आल्यावर या," असं म्हणून त्यांनी खिडकी सरकवली. मी मुकाट्याने घरी आलो. चूक माझीही होती, कारण नियम मला माहीत नव्हता.

नियम असा: जीपीकडे नाव नोंदवायला ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसाची कागदपत्रं दाखवणं सक्तीचं नाही. ती नसल्याच्या कारणावरून नोंदणी नाकारता येत नाही. यादी भरली आहे किंवा तुमचा पत्ता त्यांच्या हद्दीबाहेर आहे अशी रास्त कारणं चालतात, पण नकाराचं कारण त्यांनी १४ दिवसांत लेखी कळवलं पाहिजे. तेव्हा वाद घालत बसू नका. शांतपणे एवढंच म्हणा, "नकाराचं कारण लेखी द्याल का?" दुसऱ्या खेपेला मी हेच विचारलं आणि फॉर्म पुढे आला.

अर्थात कागद हाताशी असतील तर जरूर न्या, काम लवकर होतं. बऱ्याच सर्जऱ्यांची नोंदणी एनएचएसच्या संकेतस्थळावर घरबसल्या होते. पोस्टकोड टाकला की जवळच्या सर्जऱ्या दिसतात.

नावाबाबत मात्र आपल्या लोकांनी जास्त काळजी घ्यावी. आपण कधी वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे लावतो, कधी गाळतो. काहींच्या पासपोर्टात आडनावाचा रकानाच रिकामा असतो. फॉर्मवर पासपोर्टात आहे तसंच, अक्षर न अक्षर जुळवून लिहा. पुढे हॉस्पिटल तुमचा व्हिसा तपासतं तेव्हा नाव जुळलं नाही की विनाकारण बिल हातात पडू शकतं आणि ते निस्तरायला बराच वेळ जातो.

नोंदणीनंतर तुम्हाला दहा आकडी एनएचएस क्रमांक मिळतो. तो फोनमध्ये साठवा, पण तो आठवत नाही म्हणून कोणी उपचार थांबवत नाही. मुलं असतील तर भारतातल्या लसीकरणाच्या नोंदी पहिल्याच भेटीत द्या.

औषधं

भारतातून महिन्याभराची औषधं आणली असतील तर ती संपायची वाट पाहू नका. इथल्या डॉक्टरांना आपल्या ब्रँडची नावं ओळखीची नसतात, त्यामुळे रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळीचं मूळ नाव आणि मात्रा कागदावर लिहून न्या. क्रोसिन म्हटलं तर कोणाला कळणार नाही, पॅरासिटामॉल म्हटलं की कळतं.

जीपीने लिहून दिलेल्या प्रत्येक औषधामागे मे २०२४ पासून ९.९० पौंड पडतात. तीन महिन्यांत चार किंवा अधिक औषधं लागत असतील तर ३२.०५ पौंड आगाऊ भरून तीन महिन्यांच्या सगळ्या औषधांसाठी चालणारं प्रमाणपत्र घेणं स्वस्त पडतं. सोळा वर्षांखालची मुलं आणि साठी ओलांडलेले यांना औषधं मोफत. गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर वर्षभरही ती मोफत मिळतात, पण त्यासाठी दाईकडून किंवा जीपीकडून प्रमाणपत्र मागून घ्यावं लागतं.

घसादुखी, मुलांचा कान दुखणं, किडा चावून चिघळलेली जखम अशा सात तक्रारींसाठी तर जीपीकडेही जायला नको. जानेवारी २०२४ अखेरपासून बऱ्याच औषध दुकानांतले फार्मासिस्ट स्वतः तपासून, गरज असेल तर अँटिबायोटिकसुद्धा देतात.

१११ की ९९९?

जीव धोक्यात असेल तर ९९९. छातीत दुखणं, श्वास घेता न येणं, तोंड वाकडं होणं, शुद्ध हरपणं, रक्त न थांबणं. बाकी काय करावं हे कळत नसेल तर १११. हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि फोन मोफत आहे. फोनवर दुभाषा मिळतो, सुरुवातीलाच भाषेचं नाव सांगा. मनाची अवस्था फारच बिघडली असेल तर १११ लावून दोनचा पर्याय निवडायचा.

९९९ लावल्यावर पहिला प्रश्न येतो, "विच सर्व्हिस?" अँब्युलन्स म्हणायचं. मग पत्ता आणि रुग्ण श्वास घेतोय का, हे विचारतात. पुढे प्रश्नांची सरबत्ती चालू राहते आणि आपल्याला वाटतं, हे बोलत बसलेत, गाडी कधी पाठवणार? जिवावरचा प्रसंग असेल तर गाडी तोवर निघालेली असते. त्यांनी सांगितल्याशिवाय फोन ठेवू नका.

माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलाला रात्री दोनला धाप लागली तेव्हा फोन मीच केला. घरात येऊन जेमतेम चार दिवस झाले होते आणि पोस्टकोड काही केल्या आठवेना. शेवटी दारामागे पडलेलं कुणाचं तरी टपालाचं पाकीट उचललं आणि त्यावरचा पोस्टकोड वाचून सांगितला. तेव्हापासून राहतं घर कुठलंही असो, पूर्ण पत्ता लिहिलेला कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो.

ए अँड ईमध्ये आधी आलेल्याला आधी असं नसतं. नर्स तपासून क्रम ठरवते, म्हणून मुरगळलेला पाय घेऊन गेलात तर कित्येक तास बाकावर बसण्याची तयारी ठेवा. अशा दुखण्याला अर्जंट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे जिवावरची नसलेली पण लगेच दाखवायची दुखणी पाहणारं केंद्र, बरं.

आई-बाबा भेटीला येणार असतील

व्हिजिटर व्हिसावर सरचार्ज घेतला जात नाही, त्यामुळे त्यांचे हक्क तुमच्यापेक्षा कमी. जीपी त्यांना तात्पुरते रुग्ण म्हणून मोफत तपासू शकतो, ए अँड ईही मोफत. पण तिथून वॉर्डात भरती केलं की हिशेब सुरू होतो, तोही एनएचएसच्या ठरलेल्या दराच्या दीडपट. तातडीचे उपचार पैशांसाठी अडवत नाहीत, बिल मागाहून येतं. पाचशे पौंड किंवा जास्त रक्कम दोन महिन्यांहून अधिक थकली तर ते गृहखात्याला कळवलं जातं आणि पुढचा व्हिसा त्यावरून नाकारला जाऊ शकतो.

म्हणून तिकिटाबरोबरच प्रवास विमा काढा, आणि काढताना बाबांचा रक्तदाब किंवा आईची शुगर लपवू नका. आधीपासूनचे आजार त्या पॉलिसीत धरलेत की वगळलेत, हे विमान सुटण्याआधी वाचून घ्या.