सोशल गॉस्पेल म्हणजे लिबरेशन थिऑलॉजी नव्हे

एखादे पाळक किंवा धर्मगुरू मजुरीच्या दराविषयी वा जमिनीच्या हक्काविषयी बोलू लागले की त्यांच्यावर ‘लिबरेशन थिऑलॉजी’चा, म्हणजे गरिबांच्या मुक्तीला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या लॅटिन अमेरिकेतील ख्रिस्ती विचारप्रवाहाचा, शिक्का मारला जातो, आणि ख्रिस्ती शिकवणीच्या आधारे सामाजिक सुधारणा मागणारी अमेरिकेतील सोशल गॉस्पेलची चळवळही त्याच शिक्क्याखाली ढकलली जाते. टीकाकारांनी हा घोळ घातला तर समजू शकते. पण स्वतःला पुरोगामी म्हणवणारे ख्रिस्ती लेखकही तो घालतात, हे मला अधिक खटकते.

लिबरेशन थिऑलॉजीचा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो: कोलंबियातील मेदेयीन येथे १९६८मध्ये भरलेली लॅटिन अमेरिकी बिशपांची परिषद, पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांचा १९७१चा ग्रंथ, १९८०च्या मार्चमध्ये मिस्सा अर्पण करताना झालेली एल साल्वादोरचे आर्चबिशप रोमेरो यांची हत्या. त्यावर अधिक थांबत नाही.

सोशल गॉस्पेल तिच्याहून दोन पिढ्या जुनी. वॉल्टर राउशेनबुश हे बॅप्टिस्ट पाळक १८८६मध्ये न्यूयॉर्कच्या ‘हेल्स किचन’ या कामगार वस्तीलगतच्या जर्मन मंडळीत रुजू झाले आणि तिथे लहान मुलांच्या इतक्या अंत्यविधींना त्यांना उभे राहावे लागले की केवळ आत्म्याच्या तारणाचा उपदेश त्यांना अपुरा वाटू लागला. १९०७मध्ये त्यांचे गाजलेले पुस्तक आले. १९०८मध्ये प्रॉटेस्टंट चर्चांच्या महासंघाने जी सामाजिक सनद स्वीकारली तिच्यात बालमजुरीचा अंत, जगण्यापुरते वेतन आणि आठवड्याची सुट्टी या मागण्या होत्या.

एक प्रॉटेस्टंट, दुसरी मुख्यतः कॅथोलिक; एकीपुढे कारखाने, दुसरीपुढे जमीनदारी आणि लष्करी राजवटी. हे फरक खरे आहेत, पण त्यांनी कोणी फसत नाही. फसवतो तो ‘सोशल गॉस्पेल व्यक्तीच्या पापाविषयी बोलते, लिबरेशन थिऑलॉजी व्यवस्थेच्या’ हा पाठ केलेला फरक, आणि तो साफ चुकीचा आहे. समाजाच्या संस्थांतून पिढ्यान्‌पिढ्या वाहत येणाऱ्या दुष्टतेच्या राज्याविषयी राउशेनबुश यांनी १९१७मध्येच विस्ताराने लिहिले होते.

खरा फरक ईशज्ञान (थिऑलॉजी, म्हणजे देव आणि श्रद्धेविषयीचे चिंतन) कोण करतो, यात आहे. सोशल गॉस्पेलमध्ये बोलणारा बहुधा सुशिक्षित, मध्यमवर्गीय ख्रिस्ती असतो. तो गरिबांची दुःखे पाहतो, येशूच्या शिकवणीतून निष्कर्ष काढतो, आणि शिक्षण, कायदा व सद्‌भावना यांच्या बळावर समाज हळूहळू देवाच्या राज्याकडे सरकेल अशी आशा बाळगतो. गरीब माणूस इथे ज्याच्यासाठी काम करायचे तो असतो. गुतिएरेझ यांनी हा क्रमच उलटवला: आधी गरिबांच्या लढ्यातला सहभाग, आणि ईशज्ञान हे त्या कृतीवर वचनाच्या प्रकाशात नंतर केलेले चिंतन. निकाराग्वातील सोलेंतिनामे बेटांवर धर्मगुरू आणि कवी एर्नेस्तो कार्देनाल प्रवचनाऐवजी शेतकरी आणि कोळ्यांनाच शुभवर्तमानाचा अर्थ विचारत, आणि त्यांची उत्तरे ध्वनिमुद्रित करून छापली गेली. तिथे अर्थ लावणारेच गरीब होते.

हे निसटले की १९७९मध्ये मेक्सिकोतील प्वेब्ला येथे लॅटिन अमेरिकी बिशपांच्या परिषदेने स्वीकारलेला ‘गरिबांना अग्रक्रम’ म्हणजे दानपेटीतला मोठा वाटा, असा अर्थ लावला जातो. ‘चर्चने मुक्यांचा आवाज व्हावे’ हे वाक्यही मला त्यामुळेच आवडत नाही, कारण गरीब मुके नसतात, त्यांना सभेत बोलू दिले जात नाही इतकेच. तरीही सोशल गॉस्पेलची टिंगल करणाऱ्यांशी मी सहमत नाही. तिची आशा भाबडी होती, पण तिच्या मागण्या नेमक्या होत्या, आणि नेमक्या मागण्यांचे मोल आजच्या पुष्कळशा गुळगुळीत चर्च-निवेदनांपेक्षा जास्त आहे.

आपल्याकडे हा फरक अरविंद निर्मल यांनी सर्वांत आधी ओळखला. १९८१मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधील भाषणात त्यांनी शूद्रांच्या ईशज्ञानाची मागणी केली, आणि दलित ईशज्ञानाचा प्रवाह त्यातून पुढे वाढला. भारतीय ख्रिस्ती ईशज्ञानाने वेदान्ताशी संवाद साधला, तर लॅटिन अमेरिकेचे अनुकरण करणाऱ्यांनी वर्ग पाहिला. जात मात्र दोघांच्याही नजरेतून सुटली, असा त्यांचा आक्षेप होता. दलितांविषयी इतरांनी लिहिलेले नव्हे, तर दलितांनी स्वतः केलेले ईशज्ञान त्यांना हवे होते.