लाखोळी: पेरायला मोकळीक, विकायला बंदी

जानेवारी 2016 मध्ये केंद्राच्या कृषी संशोधन यंत्रणेने खेसारीच्या, म्हणजे आपल्या लाखोळीच्या डाळीच्या, तीन वाणांची शिफारस केली आणि ‘55 वर्षांची बंदी उठणार’ अशा बातम्या झळकल्या. वेळ मोठी बोलकी होती. ऑक्टोबर 2015 मध्ये तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली होती. सलग दोन वर्षे पाऊस कमी पडल्याने 2015-16 चे कडधान्य उत्पादन साधारण 164 लाख टनांवर घसरले होते आणि 50 लाख टनांहून जास्त माल बाहेरून आणावा लागत होता. त्यात 2016 हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेले आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष. कमी पाण्यात, जवळजवळ फुकटात येणारी डाळ अचानक आठवावी, असेच सगळे जुळून आले होते.

भंडारा-गोंदियाकडच्या वाचकाला मात्र प्रश्न पडला असणार: कसली बंदी? तिकडे लाखोळी दरवर्षी पेरली जात होती, घरोघरी शिजत होती, तिचे वडे तळले जात होते आणि कोवळ्या शेंड्यांची भाजीही होत होती. शिवाय राज्य सरकारने आपल्यापुरती बंदी 2008 मध्येच उठवली होती.

हा घोळ समजायचा तर 1961 चा नियम नीट वाचायला हवा, कारण बहुतेकांनी तो वाचलेलाच नाही. अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत त्या वर्षी 44-अ हे कलम आले. खेसारी किंवा तिच्यापासून केलेला पदार्थ विकणे, विक्रीला मांडणे, विक्रीसाठी जवळ बाळगणे आणि हरभऱ्यात किंवा दुसऱ्या धान्यात मिसळून विकणे, हे सगळे त्याने निषिद्ध केले. पेरण्याबद्दल त्यात शब्द नाही. खाण्याबद्दलही नाही. कलम कोणत्या तारखेपासून लागू करायचे, हे राज्यांवर सोपवले होते. महाराष्ट्राने ते लागू केले. ज्या मुलखात खेसारी सर्वांत जास्त पिकते, त्या मध्य प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगालने तसे केले नाही. म्हणजे त्या वेळच्या मध्य प्रदेशातल्या राजनांदगावच्या बाजारात जो माल उघड विकता येई, तोच सीमा ओलांडून गोंदियातल्या आमगावात आला की गुन्हा ठरे. ही डाळ खाऊन येणारा पांगळेपणा रोखण्यासाठी केलेल्या नियमाची ही रचना मला आजही चमत्कारिक वाटते.

त्या कलमात ‘कोणत्याही नावाखाली’ असे शब्द आहेत. मसुदा करणाऱ्याला नावांचे जंगल ठाऊक असावे. कायद्यात हिला ‘केसरी ग्रॅम’ म्हटले आहे. प्रत्यक्षात हिचा ना केशराशी संबंध, ना हरभऱ्याशी. हिंदीत खेसारी, छत्तीसगडकडे तिवरा, आपल्याकडे लाख, लाखोरी, लाखोळी. मराठी सरकारी कागदात ‘लाख डाळ’ असे आले की पुण्या-मुंबईच्या माणसाला तो आकडा वाटतो किंवा बांगड्यांची लाख आठवते. संस्कृतात तर आणखी पंचाईत. आयुर्वेदात ‘कलायखंज’ नावाचा पांगळेपणा सांगितला आहे, पण कलाय म्हणजे सहसा वाटाणा. भावप्रकाशात ‘त्रिपुट’ नावाचे धान्य माणसाला लंगडे करते असे म्हटले आहे. त्रिपुट, म्हणजे तीन कोनांचे, हे वर्णन लाखोळीच्या दाण्याला बरोबर बसते.

झाडीपट्टीत हे पीक टिकले ते उतेऱ्यामुळे. धान कापणीच्या दोनेक आठवडे आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात बी फेकायचे. नांगर नाही, वखर नाही, खत नाही. धान कापून नेला की खालची लाखोळी मोकळी होते आणि उरलेल्या ओलीवर उन्हाळ्याच्या तोंडाशी हाती येते. पाणी साचले तरी तग धरते, पाणी आटले तरी धरते. हरभरा त्या चिखलात कुजतो. जनावरांना चारा मिळतो, आणि मुळांवरच्या गाठींमुळे पुढच्या धानाला नत्र मिळते ते वेगळेच. दाण्यात प्रथिने 28 टक्क्यांच्या आसपास, तुरीपेक्षा सरस. अशा पिकाला पर्याय सुचवणारे सहसा सिंचनाची सोय गृहीत धरून बोलतात.

पेरणी थांबली नाही आणि विक्री गुन्हा ठरली, याचा परिणाम सरळ होता. लाखोळीला उघड बाजार उरला नाही. शेतकऱ्याला भाव मिळेना, आणि डाळ मात्र तुरीत आणि बेसनात मिसळून शहरात पोचतच राहिली. तिथे ती ‘भेसळ’ म्हणूनच ओळखली गेली. स्वतःच्या नावाने ती कुठेच विकली जाईना.

भीती खोटी होती असे मात्र नाही. 1829 ते 1831 या तीन वर्षांत मध्य प्रदेशातल्या सागर भागात गहू आधी गारपिटीने, मग अवर्षणाने, मग रोगाने गेला. शेतात तेवढा तिवरा उभा राहिला. लोकांनी तोच खाल्ला आणि पुढे तरुण माणसांचे कमरेखालचे बळ गेले, अशी नोंद एका इंग्रज अधिकाऱ्याने करून ठेवली आहे. रीवा संस्थानाने 1907 मध्ये विक्रीवर बंदी घातली होती. त्याच रीवा भागात पुढेही कित्येक दशके सालदारांना मजुरी म्हणून खेसारीच मोजून दिली जाई. दुसऱ्या महायुद्धात आजच्या युक्रेनमधल्या वाप्न्यार्का इथल्या छळछावणीत ज्यू कैद्यांना हेच दाणे खाऊ घातले गेले आणि शेकडो जण पांगळे झाले. हा पांगळेपणा बरा होत नाही.

दोषी कोण, हे बराच काळ ठरत नव्हते. 1925 च्या सुमारास तर खेसारी निर्दोष असून तिच्यात मिसळलेले ‘अकटा’ हे तण विषारी आहे, असे एका शास्त्रीय पथकाचे मत होते. 1964 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी खेसारीच्या दाण्यातले ओडीएपी हे मज्जातंतूंना घातक द्रव्य वेगळे काढले आणि तो वाद मिटला. क्रम लक्षात घ्या: बंदी 1961 ची, द्रव्याचा शोध 1964 चा.

त्यानंतरचा वाद प्रमाणाचा. जेवणाचा मोठा हिस्सा तीन-चार महिने सलग खेसारीचाच असेल, तर धोका. भात-पोळीबरोबर वाटीभर वरण खाल्ल्याने तसे होत नाही, असे बंदीविरोधक म्हणत आले. नागपुरातल्या एका आहार-अभ्यासकाने तर यासाठी उपोषणेही केली. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले की द्रव्याचा मोठा भाग निघून जातो, हेही सिद्ध झाले आहे. दुसरी बाजू विचारते: दुष्काळात, जेव्हा घरात दुसरे काहीच नसते, तेव्हा कोण मोजून खाणार? हा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर रेशनच्या धान्यात शोधायचे की व्यापाऱ्याच्या गोदामावरच्या धाडीत, हे त्यातून ठरत नाही.

2016 ची शिफारस रतन, प्रतीक आणि महातिवडा या वाणांची होती. त्यांत ओडीएपी 0.07 ते 0.1 टक्के, जुन्या वाणांत याच्या दुप्पट-तिप्पट आणि कधी त्याहूनही जास्त. शंका घेणाऱ्यांचा मुद्दा इथेही कच्चा नाही. पावसाचा ताण बसला की हे प्रमाण चढते. मधमाश्यांमुळे शेजारच्या बांधीतल्या जुन्या वाणाशी संकर होतो. आणि दाणा डोळ्यांनी पाहून कमी ओडीएपीचा गोड वाण कोणता, जास्त ओडीएपीचा कडक कोणता, हे बाजार समितीत कोणी सांगू शकत नाही.

राज्याच्या 2008 च्या निर्णयानंतर तीनच वर्षांनी देशभर नवे अन्नसुरक्षा नियम लागू झाले, आणि जुने निर्बंध त्यांत ‘केसरी ग्रॅम’ या नावासकट आले. 2016 च्या पावसाने चित्र पुन्हा फिरवले. 2016-17 मध्ये कडधान्य उत्पादन 231 लाख टनांवर गेले, तूर क्विंटलला 5,050 रुपयांच्या हमीभावाला विकण्यासाठी खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, आणि वर्षापूर्वी निकडीची ठरलेली लाखोळी चर्चेतून गळाली. ग्राहकांसाठीच्या भेसळ-ओळख पुस्तिकांत ती अजून आहे: एका बाजूने उतरता, कोन असलेला दाणा दिसला तर वेगळा काढावा.