गोव्यातलं कुटुंबनियोजन: साधनं मागून आली

1921 साली रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र उघडलं, तेव्हा गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता आणि पुढची चाळीस वर्षं तसाच राहिला. भारत सरकारचा कुटुंबनियोजन कार्यक्रम 1952 चा; गोव्यात तो 19 डिसेंबर 1961 च्या मुक्तीनंतरच येऊ शकला. खुद्द पोर्तुगालात सरकारी आरोग्य केंद्रांतून हा सल्ला मिळू लागला तो 1976 पासून.

पण गोमंतकातली घरं लहान झाली त्याचं सगळं श्रेय कार्यक्रमाला देता येत नाही. मुलींचं शिक्षण, उशिरा होणारी लग्नं, मुंबईला, आखातात किंवा बोटीवर असलेले नवरे, यांचाही त्यात मोठा वाटा आहे. 1992-93 च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा जननदर (एका बाईला सरासरी होणारी मुलं) 3.4 होता, गोव्याचा 1.9. पाचव्या पाहणीत (2019-21) तो 1.3 वर आला. मात्र 2015-16 च्या पाहणीत कुठलंही साधन वापरतो असं सांगणारी जोडपी गोव्यात जेमतेम चौथा हिस्सा होती आणि पुढच्या पाहणीत ती एकदम दोन तृतीयांश झाली. एवढ्या थोड्या काळात वापर इतका वाढला असेल असं आम्हांला वाटत नाही. दारात आलेल्या अनोळखी माणसाला हे सांगायला बायका कचरतात, हे कारण जास्त पटतं.

कॅथलिक घरांत आणखी एक गोष्ट होती. 1968 च्या पोपच्या पत्रकाने कृत्रिम साधनं नाकारली आणि फक्त ‘सुरक्षित दिवसां’ची, म्हणजे पाळीवरून दिवस मोजून गर्भ राहण्याचे दिवस टाळण्याची, वाट मोकळी ठेवली. हे गणित पाळी नियमित असेल तरच जुळतं. बाळंतपणानंतर आणि अंगावर पाजताना ते हमखास चुकतं, कारण पहिली पाळी येण्याआधीच बीज सुटू शकतं.

देशात 1965 ला लूप (गर्भाशयात बसवायचं साधन) आला, 1968 ला निरोध. आणीबाणीत सक्ती झाली. 1976-77 या एका वर्षात देशभर 80 लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. 1977 ला खात्याचं नाव ‘कुटुंब कल्याण’ झालं, 1996 ला उद्दिष्टांचे आकडे काढून टाकले. पण एक सवय गेली नाही: ऑपरेशन बाईनंच करायचं. वास्तविक पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी कितीतरी सोपी आहे. जागेपुरती भूल देऊन काही मिनिटांत होते, माणूस त्याच दिवशी घरी जातो. फसते ती बहुधा एका कारणाने. नळीत शुक्राणू उरलेले असतात, म्हणून पुढचे तीन महिने निरोध वापरावा लागतो आणि मग वीर्य तपासून घ्यावं लागतं. हे नीट समजावून सांगितलं जात नाही, आणि दिवस गेले की संशय बायकोवर येतो. याहून मोठा अन्याय कुठला!

2017 पासून सरकारी केंद्रांत ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळी मोफत मिळू लागली. अंतरा दर तीन महिन्यांनी घ्यायचं. त्याने पाळी अनियमित होते, पुढे थांबतेही. हे आधी सांगितलं नाही तर बाई घाबरून दुसऱ्या डोसाला येत नाही. ते सोडल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, म्हणून लगेच मूल हवं असणाऱ्यांनी ते घेऊ नये. छायात हार्मोन नाही, अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदाच. पहिली गोळी रविवारी घेतली तर दुसरी बुधवारी, आणि चौथ्या महिन्यापासून फक्त रविवारी. घोटाळा होतो तो या बदलाच्या वेळी. तांबी बसवल्यावर पहिले काही महिने रक्तस्राव जास्त होतो. पुष्कळ जणी त्याच काळात ती काढून घेतात, खरं तर तो पुढे बहुधा कमी होतो.

नसबंदीच्या सरकारी नियमांत नवऱ्याची संमती आवश्यक नाही. 1971 च्या गर्भपात कायद्यातही सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. तरीही कुठे नवऱ्याच्या सहीचा आग्रह धरला गेला, तर हे नियम दाखवून बाईला त्याला नकार देता येतो.