दशावतारातील नीतिबोध

दशावतार हा दक्षिण कोकणात, मुख्यतः सिंधुदुर्ग जिल्ह्यात आणि लगतच्या गोव्यात, देवळाच्या जत्रेत रात्रभर चालणारा नाट्यप्रकार आहे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की कुडाळ, वेंगुर्ले, मालवण, सावंतवाडी या भागांत दशावतारी कंपन्या गावोगाव फिरू लागतात. देवाची पालखी फिरून आली की खेळ उभा राहतो आणि पहाटे दहीहंडी फोडून संपतो. म्हणून मालवणी मुलखात त्याला धयकालो असेही म्हणतात.

खेळाचा पहिला भाग आडदशावतार. गणपती, ऋद्धी-सिद्धी, शारदा, भटजी येऊन जातात आणि मग येतो काळ्या वेशातला संकासुर. याने वेद पळवलेले असतात आणि शेवटी विष्णू त्याचा वध करतो. ज्ञान दडवून ठेवणाऱ्याला देव सोडत नाही, हा कथेचा सरळ अर्थ. पण मरेपर्यंत संकासुर अस्सल मालवणीत भटजीची फिरकी घेतो, आणि बघणारी मंडळी असुराच्या बाजूने हसतात. एरवी गावात तोंडावर बोलता येत नाही ते बोलायची मुभा त्याला असते. दशावतारातला सर्वांत धीट सामाजिक आशय इथेच सापडतो, तरी अभ्यासक पुष्कळदा हा भाग केवळ विनोदी प्रवेश म्हणून सोडून देतात.

उत्तररात्रीचे आख्यान रामायण, महाभारत आणि पुराणांतले: हरिश्चंद्र, प्रल्हाद, अभिमन्यू, वृंदा-जालंधर. याला लिखित संहिता नसते. आख्यान ठरले की कथेचा क्रम आणि कोणाचा कोणता पार्ट एवढे सांगितले जाते. संवाद नट उभ्या जागी रचतो. मागे पडदा, पुढे एक लाकडी बाकडे. तेच सिंहासन, तोच पलंग. साथीला पायपेटी, पखवाज आणि झांज. गोष्ट सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे पुढे काय होणार याची उत्सुकता नसते. कान असतात ते युक्तिवादाकडे. द्रौपदी भर सभेत विचारते, जो आधी स्वतःलाच हरला त्याला मला पणाला लावायचा अधिकार उरला कुठे? हा प्रश्न मूळ महाभारतातला. पण दशावतारात तो एका ओळीत संपत नाही. भीष्माचा पार्ट करणाऱ्याला उत्तर द्यावे लागते, ते अपुरे पडले की द्रौपदी पुन्हा धरते, आणि नट तयारीचे असले तर हा वाद बराच वेळ रंगतो. बोध निघतो तो या खडाजंगीतून. दारू, जमिनीवरून भावाभावांत लागलेले तंटे, म्हाताऱ्या आईबापांची हेळसांड हे विषयही पौराणिक पात्रांच्या तोंडून असेच सहज येतात. जिथे नट कथा थांबवून उपदेश करू लागतो तिथे खेळ पडतो.

स्त्रीपार्ट परंपरेने पुरुषच करतात. असे नट दासबोधालाही ठाऊक आहेत. आख्यानांत पातिव्रत्याचा गौरव फार, आणि तो बहुधा बायकांनाच बंधनात ठेवणारा. तरी वृंदेच्या आख्यानात फसवणूक करणाऱ्या विष्णूलाच शाप मिळतो, आणि देवळाच्या आवारात, देवासमोर, एक बाई देवाला दोषी ठरवते, ही गोष्ट लहान नाही.

याच पट्ट्यात कथेतून नीती सांगण्याचे आणखी मार्ग आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे: चित्रे दाखवत रामायण-महाभारतातले प्रसंग गाऊन सांगायचे. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. बायबलातली कथा मराठी ओवीत आणि पुराणाच्या घाटात सांगितल्यामुळे ती इथल्या श्रोत्यांना परकी वाटली नाही.

अलीकडे यांत्रिक करामतींचे ट्रिकसीन दशावतार लोकप्रिय झाले आहेत. डोळ्यांचे पारणे फिटते, पण त्यात युक्तिवादाला वेळ कमी उरतो. महिलांची मंडळेही आता उभी राहिली आहेत. खेळांचे चित्रीकरण बरेच होते. मात्र जुन्या नटांचे संवाद उतरवून घेण्याचे काम अजून अपुरे आहे, आणि संहिताच नसलेल्या कलेत नटाबरोबर त्याचे भाषणही जाते.