ज्वारीच्या मुळांची हाक, टारफुल्याची जाग

टारफुला म्हणजे ज्वारीसारख्या पिकांच्या मुळांवर जगणारं परजीवी तण. त्याचं बी जेमतेम पाव मिलिमीटरचं. साठवलेलं अन्न इतकं तुटपुंजं, की रुजल्यावर काही दिवसांत यजमानाचं, म्हणजे ज्यावर जगायचं त्या पिकाचं, मूळ हाती लागलं नाही तर कोंब मरतो. म्हणून नुसत्या पावसाने ते रुजत नाही. ओल आणि ऊब मिळाली की ते सज्ज होतं आणि खुणेची वाट पाहतं. खूण आली नाही तर मातीत दहा-दहा वर्षंही तग धरतं.

ती खूण म्हणजे मुळांतून झिरपणारी स्ट्रायगोलॅक्टोन ही रसायनं. त्यांतलं पहिलं, स्ट्रायगॉल, १९६६ साली कापसाच्या मुळांच्या स्रावात सापडलं. आणि कापसावर टारफुला वाढतच नाही! ओल्या मातीत हे रेणू लवकर मोडतात. मला यातली खरी खुबी इथेच दिसते. रेणू टिकाऊ असते, तर गेल्या हंगामातल्या मेलेल्या मुळांच्या खुणेवरही बी फसलं असतं. आज रेणू आहे याचा अर्थ जिवंत मूळ अगदी जवळ आहे.

मग कोंब मुळाकडे सरकतो, टेकताच त्याचं टोक फुगतं, चिकट केसांनी धरून ठेवतं आणि आत घुसून थेट जलवाहिन्यांना जोडलं जातं. टारफुला जमिनीवर दिसेपर्यंत पिकाचं बरंच नुकसान झालेलं असतं.

पीक हा स्राव सोडतंच कशाला? याचं उत्तर मिळायला २००५ साल उजाडलं. मुळांना फॉस्फरस मिळवून देणाऱ्या मायकोरायझा बुरशीला ही हाक असते. या हाकेने बुरशीच्या तंतूंना फांद्या फुटतात. जमिनीत फॉस्फरस कमी, तितकी हाक मोठी. त्यामुळे आधीच उपाशी असलेल्या पिकावरच टारफुला तुटून पडतो. शिवाय हीच रसायनं झाडाच्या फांद्या किती फुटाव्यात हेही ठरवतात, हे २००८ मध्ये कळलं. हाक पुरती बंद करणं पिकाला परवडणारं नाही.

पण हाकेचा सूर बदलता येतो. ज्वारीच्या काही वाणांत एलजीएस-१ या जनुकातल्या बदलामुळे मुळं एका स्ट्रायगोलॅक्टोनऐवजी दुसरं, ओरोबँकॉल, सोडतात आणि टारफुल्याचं बी फारसं रुजत नाही. हे २०१७ साली उलगडलं. उलटा डावही खेळला गेलाय: अमेरिकेच्या कॅरोलिना राज्यांत १९५६ साली टारफुला आढळल्यावर पुढे जमिनीत इथिलीन वायू सोडून पीक नसतानाच बी रुजवलं गेलं. यजमान नसल्याने ते कोंब उपाशी मेले. कापूस किंवा सोयाबीन फेरपालटात घेतलं तरी बियांची अशीच फसगत होते, आणि त्यासाठी वायूची यंत्रं लागत नाहीत.