उड्डाणहक्क म्हणजे स्लॉट नव्हे
सांगलीत विश्रामबागेला विमानाची तिकिटे काढून देताना नाताळच्या सुट्टीआधी एक प्रश्न हमखास येतो: “दुबईचे भाडे एवढे कसे हो? सरकार आणखी स्लॉट का देत नाही?” बातम्यांच्या मथळ्यांतही सरसकट ‘स्लॉट’च छापलेला असतो, त्यामुळे गिऱ्हाइकाला दोष देण्यात अर्थ नाही. पण दोन देशांमधल्या विमानसेवेच्या करारांत सरकारे ज्याची घासाघीस करतात तो उड्डाणहक्क असतो.

स्लॉटबद्दल फार सांगायला नको. गर्दीच्या विमानतळावर उतरण्याची किंवा निघण्याची ठरवून मिळालेली वेळ म्हणजे स्लॉट. तो उन्हाळी आणि हिवाळी हंगामापुरता मिळतो आणि किमान 80 टक्के वापरला नाही, तर पुढच्या वर्षीच्या त्याच हंगामातला दावा साधारणपणे जातो.

उड्डाणहक्क विमानतळाचा नसतो, देशाचा असतो. 1944च्या शिकागो करारानुसार कोणत्याही देशात त्याच्या सरकारच्या परवानगीशिवाय परदेशी कंपनीला नियमित विमानसेवा चालवता येत नाही. म्हणून दोन सरकारे आठवड्याच्या फेऱ्या किंवा आसने आपसांत ठरवतात आणि आपल्या वाट्याचा कोटा आपापल्या कंपन्यांना वाटून देतात. भारत आणि दुबई यांच्यात हा कोटा प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे 66 हजार आसनांचा आहे, अबुधाबीचा निराळा. तो भरला की धावपट्टी मोकळी असली तरी जादा विमान लावता येत नाही. उलट अमेरिकेशी 2005 साली झालेल्या करारात फेऱ्यांवर मर्यादाच नाही, तरीही मुंबईत सोयीची वेळ मिळवावीच लागते. कारखान्याकडे उसाची नोंद असणे वेगळे आणि गव्हाणीवर गाडीचा नंबर लागणे वेगळे, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. विमानाच्या बाबतीतच ते का विसरले जाते, कोण जाणे.

वाटपाची खरी चुरस पाहायची तर 2007 सालची पाहावी. चीनसाठी अमेरिकेच्या वाट्याला रोजची एकच नवी फेरी होती आणि चार कंपन्या ती मागत होत्या. वाद विमानतळावरच्या वेळेचा नव्हता, कोणत्या शहराला फायदा होईल याचा होता. दोन राजधान्या जोडणारी वॉशिंग्टन-बीजिंग फेरी युनायटेडला मिळाली.

मालकीतला फरक तर आपल्याच जेट एअरवेजने दाखवून दिला. 2013 साली तिने लंडनच्या हीथ्रोवरचे स्लॉट अबुधाबीच्या एतिहाद या विमान कंपनीला 7 कोटी डॉलरना विकले. 2019 साली ती बंद पडल्यावर तिचे परदेशी उड्डाणहक्क मात्र सरकारने इतर कंपन्यांना वाटले.

घोटाळा वाढवला तो टोकियोच्या हानेदा विमानतळाने. तिथे वेळाच मोजक्या असल्यामुळे जपान-अमेरिका करारातला कोटाच स्लॉटमध्ये मोजला गेला आणि 2019 साली अमेरिकी सरकारने दिवसाच्या 12 फेऱ्यांपैकी डेल्टाला 5, युनायटेडला 4, अमेरिकन एअरलाइन्सला 2 आणि हवाइयन एअरलाइन्सला 1 दिली. नाव स्लॉटचे असले तरी जातकुळी हक्काचीच. त्याआधी डेल्टा आपली सिएटल-हानेदा फेरी हिवाळ्यात क्वचितच उडवत होती. 2015 साली सरकारने ती रोज उडवण्याची अट घातली, डेल्टाने फेरी सोडली आणि ती लॉस एंजेलिससाठी अमेरिकन एअरलाइन्सकडे गेली. हीथ्रोच्या स्लॉटसारखी ती विकून पैसे करण्याची सोय डेल्टाला नव्हती.